मधुमेह, त्वचा आणि बुरशी



ह्या व्याख्यानमालेत ज्या विषयांवर बोलण्याची प्रथा आहे, त्यांच्या पंक्तीला आजचा विषय बसवणे म्हणजे मेजवानीच्या ताटात काढ्याची वाटी ठेवण्यासारखे आहे. इतिहास, काव्य, अर्थकारण ह्यांवर ऐकायला माणसे हौसेने येतात. खाज, खपली आणि चिखल्या ह्यांच्यावर ऐकायला कोण येणार, असे मी चिटणिसांना विचारले होते. ते म्हणाले, "डॉक्टर, मांडवातल्या दर तिसऱ्या माणसाच्या घरी साखरेची गोळी आहे, लोक येतील." त्यांचा हिशेब खरा दिसतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेली देशव्यापी पाहणी 2023 साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात मधुमेह असलेली माणसे सुमारे 10 कोटी 10 लाख आहेत. म्हणजे हा आता कोणा एका पेठेतल्या सुखवस्तू लोकांचा रोग राहिलेला नाही. तो शेतावर आहे, रिक्षात आहे, शाळेच्या फळ्यासमोर उभा आहे.

मधुमेह आणि कातडी ह्यांचे नाते आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. सुश्रुताने प्रमेहाच्या रोग्याला होणाऱ्या पिडका, म्हणजे गळवे, दहा प्रकारची सांगितली आहेत. चरकाने सात सांगितली आहेत. त्या पिडका म्हणजे बुरशीचे रोग नव्हेत; उगाच ओढूनताणून सर्व काही आपल्या पोथ्यांत होते असे म्हणण्याची मला हौस नाही. पण लघवीतला दोष कातडीवर येऊन बोलतो, हे निरीक्षण मात्र पक्के होते. आज मी त्या बोलण्यातला एकच भाग घेणार आहे: बुरशीमुळे होणारे त्वचेचे रोग, आणि त्यांतही मधुमेह्याला जे गंभीर वळण घेतात ते.

बुरशी म्हणजे काय हे सांगायला नको. पावसाळ्यात भाकरीवर, लोणच्याच्या बरणीच्या तोंडाशी, चामड्याच्या चपलेवर ती आपण पाहतो. ती वनस्पतीसारखी दिसली तरी वनस्पती नाही. तिला हरितद्रव्य नाही, स्वतःचे अन्न स्वतः शिजवता येत नाही. दुसऱ्याच्या घरी जेवणे हाच तिचा धर्म. तिच्या हजारो जाती आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकींना माणसात काडीचा रस नाही. ज्या थोड्या माणसाच्या वाट्याला जातात त्यांचे आजच्या कामापुरते तीन गट करतो. पहिला गट कातडीच्या मेलेल्या थरावर, केसांवर आणि नखांवर जगतो. गजकर्ण किंवा नायटा म्हणतात तो ह्याचा उद्योग. दुसरा गट किण्वाचा, म्हणजे यीस्टचा. कँडिडा हे त्याचे नाव. तो आपल्या तोंडात, आतड्यात, सांध्यांच्या घड्यांत बिऱ्हाडकरूसारखा राहतोच, आणि मालक अशक्त झाला की घर बळकावतो. तिसरा गट मातीतला, कुजक्या पाल्यातला, शिळ्या भाकरीवरचा. हा एरवी आपल्याकडे ढुंकूनही पाहत नाही, पण एकदा रक्तवाहिनीत शिरला की माणूस तासांच्या हिशेबाने हातचा जातो. त्याला म्यूकर म्हणतात. 2021 सालानंतर हे नाव महाराष्ट्रात पोराटोरांनाही ठाऊक झाले आहे.

आता मधुमेह्यावरच ह्यांचा डोळा का? लोक म्हणतात, अंगात साखर, म्हणून मुंग्या लागतात तशी बुरशी लागते. हे अगदी खोटे नाही, पण पुरे खरेही नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी हे आपले शिपाई. साखर चढलेली असली की हे शिपाई जागेवर उशिरा पोचतात, आणि पोचले तरी शत्रूला गिळण्यात मंद पडतात. पायांकडचा रक्तपुरवठा वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने आखडतो. नसा बधिर होतात, म्हणून बोटांच्या बेचक्यात भेग पडली, खडा रुतला, तरी मालकाला पत्ता नसतो. वजन वाढलेले असले की पोटाखाली, स्तनांखाली, जांघेत घड्या पडतात. तेथे घाम आणि ऊब बारमाही. ह्या सगळ्यांची मोट बांधली म्हणजे बुरशीला पाट मांडून दिल्यासारखे होते.

पहिल्या गटापासून सुरुवात करू, कारण आमच्या दवाखान्यातली गर्दी त्याची आहे. गजकर्ण हा गोल चकंदळ्यांचा रोग. कड लाल आणि उंचावलेली, मध्य जरा निवळलेला, आणि खाज अशी की माणूस चारचौघांत बसू शकत नाही. जांघेत होतो, कमरेला नाडी किंवा पट्टा बसतो तेथे होतो, काखेत होतो. तो जांघेत होतो हेच त्याचे सर्वांत मोठे संरक्षण आहे. गृहस्थ घरात बोलत नाही. सासूबाई सुनेला सांगत नाहीत, सूनबाई तर कोणालाच सांगत नाही. मग एके दिवशी संध्याकाळी गृहस्थ कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात जातात, गिऱ्हाईक पांगेपर्यंत थांबतात, आणि हळूच म्हणतात, "जरा खाजेवर काही द्या." दुकानदार सज्जन असतो. तो म्हणतो, "काका, ही ट्यूब लावा. दोन दिवसांत आराम पडेल."

आणि खरोखर दोन दिवसांत आराम पडतो! सगळा घात तेथेच आहे. त्या ट्यूबमध्ये बुरशीचे औषध असते, जंतूंचे असते, आणि त्यांच्या जोडीला एक जबरदस्त स्टिरॉइड असते. स्टिरॉइड खाज आणि लाली दाबून टाकते. म्हणजे काय करते? घरात चोर शिरला म्हणून कुत्रा भुंकतो आहे, तर कुत्र्याला अफू घालते. चोर निवांत. कड पुसट होते, गोल आकार बिघडतो, रोग मांडीवर, पोटावर, पाठीवर पसरतो, आणि शेवटी डॉक्टरने पाहिला तरी ओळखू येत नाही. ब्रिटनमधल्या दोन त्वचारोगतज्ज्ञांनी 1968 सालीच ह्याचे वर्णन करून त्याला टिनिया इनकॉग्निटो असे नाव दिले. आपण त्याला वेष पालटलेले गजकर्ण म्हणू. त्यातून जांघेची कातडी पातळ होऊन तिच्यावर बाळंतिणीच्या पोटावर पडतात तसे कायमचे वळ उठतात. मधुमेह्याला आणखी एक भुर्दंड: असे मलम अंगाच्या मोठ्या भागावर फार दिवस चोळले तर ते आत शोषले जाऊन रक्तातली साखरही चढवू शकते. 2018 साली सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम आहे. कोपऱ्यावरचे दुकानही आहे.

गेल्या दहाएक वर्षांत हे दुखणे आपल्या देशात अतिशय चिवट झाले आहे. एके काळी टर्बिनाफिनच्या गोळ्या काही आठवडे घेतल्या की गजकर्ण निमूटपणे जात असे. आता कित्येकांत तो त्या गोळीला जुमानत नाही. ह्या चिवट बुरशीच्या जातीला 2020 साली जे स्वतंत्र नाव मिळाले त्यात आपल्या देशाचे नाव गोवलेले आहे: ट्रायकोफायटन इंडोटिनी. ज्या रेणूवर टर्बिनाफिन घाव घालते तो रेणूच ह्या बुरशीने बदलून घेतला आहे. कुलूप बदलले, जुनी किल्ली लागेना. ही जात आता युरोप-अमेरिकेतही पोचली आहे. निर्यातीचा हा माल अभिमानाने सांगण्याजोगा नव्हे.

तेव्हा ओळख पटवणे हे पहिले काम. त्याची रीत इतकी साधी आणि स्वस्त आहे की ती वापरली जात नाही ह्याचे मला नेहमी नवल वाटते. चकंदळ्याच्या कडेवरचा कोंडा बोथट पात्याने खरवडायचा. कडेवरचाच, मधला नव्हे, कारण बुरशी कडेला चरत असते. तो काचेच्या पट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा. कातडीच्या पेशी विरघळतात, बुरशीचे धागे विरघळत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली ते वेलीच्या तणाव्यांसारखे स्पष्ट दिसतात. रोग्याला दुखत नाही, रक्त निघत नाही, आणि उत्तर तेथल्या तेथे मिळते. जात कोणती हे हवे असेल तर कोंडा पेरून वाढवावा लागतो. त्यासाठी पॅरिसच्या रेमों सबूरो ह्याने जे खाद्य ठरवले, ते शंभर वर्षांहून अधिक काळ त्याच्याच नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते. मात्र ह्या पेरणीचे पीक यायला तीनचार आठवडे लागू शकतात. एक सूचना येथेच करून ठेवतो. डॉक्टरकडे जाण्यापूर्वी काही दिवस मलम लावले असेल तर तसे सांगा, लपवू नका. मलमाने वरचे धागे मरतात, काच कोरी दिसते, आणि रोग नाही असा खोटा निर्वाळा मिळतो.

ओळख पटवणे का हवे, तर बुरशीचे सोंग घेणारे पुष्कळ आहेत. जांघेत, काखेत तपकिरी डाग पडतो. सर्वजण त्याला गजकर्ण म्हणून मोकळे होतात. पण तो एरिथ्रॅझ्मा नावाचा, बुरशीचा नव्हे तर एका जिवाणूचा रोग असू शकतो, आणि मधुमेह्यांत तो विशेष आढळतो. अंधाऱ्या खोलीत वूडचा दिवा धरला की तो पोवळ्यासारखा लाल चमकतो. त्याला बुरशीची औषधे महिनोन् महिने देत बसले तर फळ काय? उलट, पायाच्या नखाचा रंग बदलला, नख जाड झाले, की माणूस "वयामुळे" म्हणतो, आणि तेथे खरोखर बुरशी असते. सोरायसिस, इसब, साबणाची अ‍ॅलर्जी ही सगळी मंडळी एकमेकांचे अंगरखे घालून हिंडत असतात.

कँडिडाचे थोडक्यात सांगतो, पण त्यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. घडीच्या खोलात ओलसर तांबडे लाल, जणू सोललेले, आणि मुख्य डागाच्या बाहेर चुकार पुळ्या पेरल्यासारख्या, असे दिसले की कँडिडाचा संशय घ्यावा. दिवसभर भांडी, कपडे, पाण्यात हात असणाऱ्या बायकांना नखाच्या मुळाशी सूज येऊन ठणका लागतो, नखुरडे म्हणतात ते, त्यातही पुष्कळदा हाच असतो. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. पुरुषाला शिश्नाच्या टोकाशी लाली, खाज, कातडीला बारीक भेगा. बाईला अंगावरून पांढरे दह्यासारखे जाणे आणि आग. हे एकदा होऊन गेले तर गोष्ट वेगळी, पण वारंवार होऊ लागले तर मलम मागण्याआधी रक्तातली साखर तपासा. कितीएक माणसांना मधुमेह असल्याची पहिली वर्दी रक्ताने दिलेली नसते, ह्या खाजेने दिलेली असते. दुसरे, साखरेवरच्या नव्या औषधांत ज्यांची नावे फ्लोझिनवर संपतात ती लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्यांचा फायदा आहे, औषधे चांगली आहेत. पण साखरेची लघवी जेथून जाते तेथे कँडिडाचे फावते. तेव्हा अशी गोळी सुरू झाल्यावर खाज आली तर गोळी मनाने बंद करू नका आणि खाज मनात ठेवू नका. देणाऱ्या डॉक्टरला सांगा. धुऊन कोरडे ठेवण्याने बराचसा त्रास टळतो.

कँडिडावरचे पहिले चांगले औषध कसे मिळाले ही हकीकत ऐकण्याजोगी आहे. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात दोन बायका काम करीत होत्या. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात, रेचल ब्राउन दूर ऑल्बनीला. एकीने मातीतले सूक्ष्मजीव वाढवायचे, दुसरीने त्यांतून औषध वेगळे काढायचे, आणि बाटल्यांची जा-ये टपालाने! 1950 साली त्यांनी जगापुढे ठेवलेल्या औषधाचे नाव निस्टॅटिन. त्या राज्याच्या नावावरून ते ठेवले, आणि मिळालेला स्वामित्वधनाचा पैसा दोघींनी संशोधनालाच देऊन टाकला. टपाल खात्याचा असा उपयोग आमच्याकडे कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

आता पायाकडे या. पावसाळ्यात ज्यांना चिखल्या होतात त्यांना त्या क्षुल्लक वाटतात. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट ह्यांच्या बेचक्यातली कातडी पांढरी, पिठूळ, भिजलेल्या कागदासारखी होते, वास येतो, भेग पडते. निरोगी माणसाला ह्यात फक्त चुरचुर आहे. मधुमेह्याला ती भेग म्हणजे वेशीचा मोडका दरवाजा आहे. त्यातून जिवाणू आत शिरतात, पिंडरीपर्यंत पाय लाल होऊन सुजतो, थंडी वाजून ताप येतो, साखर चढते, चढलेल्या साखरेने जिवाणू माजतात. ह्या रहाटगाडग्याच्या शेवटी बोट किंवा पाय कापण्याची पाळी आलेली माणसे प्रत्येक मोठ्या रुग्णालयात आहेत, आणि त्यांच्यातल्या काहींची सुरुवात बेचक्यातल्या त्या पांढऱ्या कातडीपासून झालेली असते. बधिर पायाला दुखत नाही, म्हणून पाय डोळ्यांनी पाहावा लागतो. रोज. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून पाहावा, नाहीतर नातवंडाला पाहायला सांगावे. बेचके पुसून कोरडे करावे. तेथे तेल किंवा मॉइश्चरायझर भरू नये, ते टाचेला लावावे.

औषधांविषयी मधुमेह्याने एक जास्तीची खबरदारी घ्यायची असते, आणि ती फार थोड्यांना सांगितली जाते. बुरशीच्या गोळ्या आणि घरात आधीच चालू असलेल्या गोळ्या ह्यांचे नेहमी जमतेच असे नाही. फ्लुकोनॅझोल घ्या. दुकानात सहज मिळते, "आठवड्याला एक" म्हणून शेजारीही सांगतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लॅझाइड, ग्लिपिझाइड ह्या जातीच्या साखरेच्या गोळ्या शरीरातून ज्या वाटेने निकालात निघतात, ती वाट हे औषध अडवते. गोळीचा अंमल वाढतो, साखर एकाएकी खाली येते, घाम सुटतो, हातपाय कापतात, म्हातारा माणूस न्हाणीघरात पडतो. इट्राकोनॅझोल चांगले औषध आहे, पण ज्यांचे हृदय दुबळे आहे, पायावर सूज आहे, त्यांना ते देताना दहादा विचार करावा लागतो. कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन चालू असेल तर ते बरोबर चालतच नाही. पित्तासाठी सकाळी जी गोळी घेता तिने इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलचे शोषण कमी होते, आणि मग औषध लागू पडत नाही म्हणून औषधाला दोष. म्हणून त्वचारोगाच्या डॉक्टरकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन जा. पिशवी पाहून हसणारा डॉक्टर भेटला तर डॉक्टर बदला. आणि खाज थांबली म्हणून औषध थांबवू नका. कातडी डोळ्यांना स्वच्छ दिसू लागल्यावरही काही काळ उपचार चालवावे लागतात. किती, ते डॉक्टर ठरवील. घरात आणखी कोणाला असेल तर त्याचाही उपचार एकदमच व्हावा. नाहीतर एकाच पंचाने, एकाच चादरीने रोग फेऱ्या घालीत राहतो.

आता तिसऱ्या गटाकडे वळतो. येथवर मी जे बोललो त्यात दोन दिवस इकडेतिकडे झाले तर चालण्यासारखे होते. ह्यापुढे चालत नाही.

म्यूकरच्या कुळातल्या बुरशा काही परक्या नाहीत. ऱ्हायझोपस ही भाकरीवर येणारी बुरशी ह्याच कुळातली. आणखी एक आहे, अ‍ॅपोफायसोमायसिस. 1979 साली तिचे प्रथम वर्णन झाले ते उत्तर भारतातल्या एका आमराईच्या मातीतून. आमराईतल्या सावलीत आपण बसतो, मुले खेळतात, काही होत नाही. कारण धडधाकट कातडी हा पोलादी पडदा आहे. पण काटा घुसला, अपघातात जखमेत माती गेली, कोठे अस्वच्छ सुईने इंजेक्शन दिले, भाजले, की ती आत पोचते. 2011 साली अमेरिकेत जॉप्लिन शहरावर चक्रीवादळ आले. उडालेल्या लाकडांनी आणि मातीने जखमी झालेल्यांपैकी 13 जणांना ह्याच जातीच्या बुरशीचा त्वचारोग झाला, आणि त्यांतले 5 दगावले. म्हणजे जखम खोल आणि मळकट असेल तर निरोग्यालाही ही सोडीत नाही. मग मधुमेह्याची काय कथा!

मधुमेह जेव्हा अगदी हाताबाहेर जातो तेव्हा रक्तात कीटोन नावाची आम्ले साठतात. धाप लागते, उलट्या होतात, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. एरवी रक्तातले लोह एका प्रथिनाच्या कुलपात बंद असते. रक्त आम्लधर्मी झाले की ते कुलूप सैल पडते आणि लोह मोकळे होते. म्यूकरला वाढायला लोहच हवे असते. म्हणून कीटोन चढलेला मधुमेही हे तिचे आवडते शेत. ती रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरते, आत रक्त गोठवते. पुढच्या मांसाला रक्त मिळत नाही, आणि ते मरते, काळे पडते. 2021 साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रा आणि बेसुमार चढलेली साखर ह्यांच्या जोडीने आपल्या राज्यात नाकातून, डोळ्यांतून, जबड्यातून हा रोग फुटला. त्या मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना त्याची नोंद सक्तीची करण्यास सांगितले, आणि अँफोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक एका शहरातून दुसऱ्या शहरात धावत होते, हे आपण सर्वांनी पाहिले. वर्तमानपत्रांनी तिला "काळी बुरशी" म्हटले. वस्तुतः बुरशी काळी नाही. ती पांढुरकी, करडी. काळे पडते ते आपले मेलेले मांस. हा फरक शब्दच्छलाचा नव्हे. काळे दिसू लागले ह्याचा अर्थ रोग आता सुरू होतो आहे असा नसून, तेथले मांस मेलेच आहे असा आहे.

कातडीवर हा रोग कसा दिसतो? आधी जखमेभोवती किंवा सुईच्या जागी लाली, सूज, ठणका. मग मध्यभाग जांभळा, आणि एक-दोन दिवसांत, कधी काही तासांत, काळी, कोरडी, चिकटलेली खपली. कड रोज पुढे सरकते. कधीकधी जखमेवर कापसासारखा पांढरा तंतुमय थर दिसतो. जिवाणूंवरची औषधे चालू असतात आणि जखम मात्र ऐकत नाही. नसा बधिर असतील तर दुखणेही नसते, आणि न दुखणारी काळी खपली पाहून घरचे लोक म्हणतात, "वाळते आहे, बरे होते आहे." हे वाक्य मी पुन्हा म्हणतो, कारण त्यानेच दिवस जातात: वाळते आहे, बरे होते आहे. शहाण्याने अशा वेळी खपलीभोवती पेनाने रेघ ओढावी आणि ती घेऊन तडक रुग्णालयाची वाट धरावी. रेघेबाहेर काळेपणा गेला की नाही हे पाहायला घरी थांबू नये, ते तेथल्या डॉक्टरला पाहू द्यावे. प्रत्येक काळेपणा म्यूकरचा नसतो. रक्तपुरवठा बंद पडून बोट काळे पडते, जिवाणूंनीही मांस सडते. पण ह्यांतले कोणतेही उद्यावर टाकण्याजोगे नाही, म्हणून घरी बसून त्यांतला फरक करीत राहण्यात अर्थ नाही.

ओळख पटवण्याची रीत येथे वेगळी. वरवर कापूस फिरवून भागत नाही. खोलवरचा मांसाचा तुकडा काढावा लागतो. त्याचा एक भाग सूक्ष्मदर्शकाखाली लगेच पाहायचा: म्यूकरचे धागे रुंद, फितीसारखे, बिनपडद्यांचे, आणि त्यांच्या फांद्या काटकोनाच्या सुमाराने फुटलेल्या. एक भाग वाढवण्यासाठी पाठवायचा, आणि तोही बारीक चिरून. खलबत्त्यात घोटला तर नाजूक धागे फुटतात आणि पीक येत नाही. रक्ताच्या ज्या तपासण्या इतर बुरशा पकडतात त्यांतली एक प्रसिद्ध तपासणी ह्या बुरशीला पकडतच नाही. तेव्हा रक्त ठीक आले म्हणून हायसे वाटून घेऊ नये. आणि पीक येण्याची वाट पाहत औषध थांबवायचे नसते; संशय बळकट असला की त्याच रात्री औषध सुरू.

ते औषध म्हणजे अँफोटेरिसिन. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जिवाणूपासून 1950 नंतरच्या दशकात ते मिळाले. मातीतला शत्रू आणि मातीतलेच शस्त्र! जुन्या रूपात ते मूत्रपिंडाला फार जाचते. म्हणून आता ते चरबीच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत बसवलेले वापरतात. तरीही मूत्रपिंड आणि रक्तातले पोटॅशियम ह्यांवर रोज नजर ठेवावी लागते. फ्लुकोनॅझोल ह्या बुरशीला लागू पडत नाही, व्होरिकोनॅझोलही नाही; पोसॅकोनॅझोल आणि इसाव्ह्यूकोनॅझोल पडतात, आणि पुढे गोळ्यांवर आणताना त्यांचा उपयोग होतो. पण एकटे औषध येथे लंगडे आहे. जेथे रक्तच पोचत नाही तेथे रक्तावाटे दिलेले औषध कसे पोचणार? म्हणून मेलेले मांस शस्त्राने काढून टाकावे लागते, निरोगी, रक्त येणारी कड लागेपर्यंत. आणि एकदा काढून भागले नाही तर पुन्हा. घरच्यांचा जीव येथे अडखळतो. "एवढे कापायलाच हवे का, डॉक्टर?" हा प्रश्न मी समजू शकतो. पण संमतीच्या कागदावर सही करायला काका गावाहून येईपर्यंत थांबू, असे जेव्हा म्हणतात, तेव्हा आज ज्या तळव्याने भागले असते तेथे उद्या घोटा लागतो. तिसरा पाय ह्या तिवईचा म्हणजे साखर आणि कीटोन काबूत आणणे. इन्सुलिन शिरेतून, तासातासाला मोजणी. 1922 साली टोरांटोत पहिल्या रोग्याला इन्सुलिन टोचले गेले त्यापूर्वी ह्या अवस्थेतला मधुमेही बुरशीची वाट न पाहताच जात असे. आज तो वाचू शकतो.

वेळ संपत आली आहे. चिठ्ठ्या पुष्कळ आल्या आहेत, तीनच घेतो.

एका भगिनीने विचारले आहे, हळद, कडुलिंबाचा पाला, खोबरेल चालेल का? साध्या कोरड्या कातडीला खोबरेल लावायला माझी ना नाही. पण जांघेच्या गजकर्णावर तेल म्हणजे ओलाव्यावर झाकण. आणि पालेमातीचा लेप मधुमेह्याच्या उघड्या जखमेवर मुळीच लावू नये. ज्या मातीचे मी एवढे वर्णन केले, तीच आपण हाताने आत घालतो.

दुसरी चिठ्ठी: म्यूकरच्या रोग्याच्या शेजारी बसल्याने रोग होतो का? होत नाही. तो माणसाकडून माणसाला लागत नाही. 2021 साली ह्याच भीतीने काही रोग्यांना त्यांचे आप्तही भेटायला गेले नाहीत. गजकर्ण मात्र लागते. तेथे पंचा वेगळा ठेवा, माणूस वेगळा ठेवू नका.

तिसऱ्या चिठ्ठीवर नाव नाही. लिहिले आहे: "सासऱ्यांना वीस वर्षे मधुमेह आहे. शेतात काटा लागला होता. परवापासून अंगठ्याच्या बाजूला काळे झाले आहे, पण दुखत नाही. मंगळवारची वेळ मिळाली आहे. तोवर कोणते मलम लावावे?" ज्या कोणी ही चिठ्ठी दिली त्यांनी आभारप्रदर्शनासाठी थांबू नये. मंगळवार नव्हे, आज रात्री. मलम कोणतेही नको. स्वच्छ कोरडी पट्टी बांधा, चालू गोळ्यांची पिशवी बरोबर घ्या, जेथे शस्त्रक्रियेची सोय आहे अशा रुग्णालयात न्या, आणि तेथे गेल्यावर मधुमेह, काटा आणि काळी खपली हे तीन शब्द आधी सांगा. मी व्यासपीठाच्या डाव्या दाराशी उभा राहतो. वाटेत मला भेटून जा, तेथल्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून देतो.